टँक हलवायचाय? आधी फिल्टर सांभाळा!

सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. सावेडी-केडगावच्या हॉलमध्ये आता एवढा मोठा फिश टँक दिसणं काही नवीन नाही. घर बदलायचं ठरलं की फ्रीज, कपाट, सोफा सगळ्याचा प्लॅन होतो आणि टँकपाशी येऊन गाडी अडते. मग कुणीतरी म्हणतंच, 'अर्धं पाणी काढू, चौघं धरू, टेम्पोत टाकू.'

थांबा. आधी थोडं गणित. 24 घनफूट म्हणजे साधारण 680 लिटर पाणी, म्हणजेच 680 किलो. काच 12 एमएमची असेल तर रिकामा टँकच 120 किलोच्या आसपास भरतो. वाळू, दगड वेगळेच. अर्धं पाणी ठेवलं तर ते गप्प बसत नाही. जिन्यात एक कोपरा जरा खाली गेला की सगळं तिकडे धावतं आणि सिलिकॉनच्या जोडांवर ताण येतो. म्हणून टँक रिकामाच हलवायचा, अगदी वाळूसकट रिकामा.

पण काच फुटण्यापेक्षा जास्त मासे जातात ते दुसऱ्याच कारणाने. माझ्या एका मित्राने शिफ्टिंगच्या दिवशी फिल्टर 'घाण झालाय' म्हणून नळाखाली चकाचक धुतला. टँक सुखरूप पोचला. तिसऱ्या दिवशी त्याचा चार वर्षांचा ऑस्कर गेला. झालं काय, तर माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरच्या स्पंजवर राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट त्यामानाने निरुपद्रवी. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन नेमके हेच जिवाणू मारतं. नवीन वसाहत उभी राहायला काही आठवडे लागतात, तोवर मासे स्वतःच्याच अमोनियात पोहतात.

म्हणजे घर बदलताना खरा जपायचा ऐवज तो मळकट स्पंजच! टँकमधलंच पाणी भरलेल्या बादलीत तो बुडवून ठेवा, वर एअर पंप सोडा. फिल्टर बंद डब्यात तासन्‌तास ठेवला तर जिवाणू गुदमरतात. बॅटरीवरचा छोटा एअर पंप ही या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात फायद्याची खरेदी आहे.

जुनं पाणी किती न्यायचं? 1930 साली शिकागोच्या शेड ॲक्वेरियमने फ्लोरिडातल्या की वेस्टहून रेल्वेच्या टाक्यांतून सुमारे 10 लाख गॅलन समुद्राचं पाणी आणलं होतं. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय 1951 मध्ये मरीन ड्राइव्हला सुरू झालं. समुद्र समोरच, त्यामुळे त्यांना तो प्रश्नच नव्हता. आपल्या गोड्या पाण्याच्या टँकला दोन-तीन ड्रम जुनं पाणी पुरे, तेही माशांना एकदम झटका बसू नये म्हणून. बाकीचं नव्या घरी आदल्या दिवशीच ड्रममध्ये भरून ठेवा. आपल्याकडे ऐनवेळी नळाला पाणी येईल याची खात्री कोण देणार? शिवाय भरून ठेवलेल्या पाण्यातलं क्लोरीनही उडून जातं. घाई असेल तर माशांच्या दुकानात अँटी-क्लोरीन मिळतं.

माशांना एक-दोन दिवस आधीपासून खायला देऊ नका, नाहीतर प्रवासात पाणी घाण करतात. छोट्यांना ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या चालतात. ऑस्कर, अरोवाना असे दांडगट झाकणाच्या बादलीत, एकेक वेगळा. अरोवाना उडी मारतो, झाकण बांधाच.

आता पैशांचं. माणसांत काटकसर नको. काचेच्या दुकानात मोठ्या काचा बसवणारी मुलं असतात, त्यांच्याकडे काचेला चिकटणाऱ्या रबरी पकडी असतात आणि सरावही. टँक वरच्या पट्ट्यांना धरून नाही, खालून उचलायचा. गाडीत मात्र पैसे वाचतात. शहरातल्या शहरात छोटा हत्ती बास. पुण्याहून नगरला यायचं असेल तर रिकामी परतणारी गाडी शोधा. खाली थर्माकोल, चारी बाजूंनी घरातल्या गोधड्या आणि गाद्या. विकतचं पॅकिंग कशाला? मे महिन्यात पहाटे निघा, तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. गाळप हंगामात नगर-मनमाड रस्त्याने येणार असाल तर उसाच्या ट्रॅक्टरांमागे जाणारा वेळही धरा.

नव्या घरात टँकची जागा भिंतीलगत, शक्यतो बीमवर. स्टँड पाणसळ लावून बघा, एक कोपरा उंच राहिला तर भरल्यावर काच तडकू शकते. थर्माकोल, टँक, वाळू, पाणी, फिल्टर, आणि मासे सगळ्यात शेवटी. पहिल्या दिवशी लाइट बंद. पुढचा आठवडाभर खाद्य निम्मंच द्या, कितीही काचेला तोंड लावून मागितलं तरी.