नाटकाच्या पायावर उभ्या कारकिर्दी

मराठी अभिनेत्री नाटक, चित्रपट आणि मालिका या तिन्ही ठिकाणी वावरते, याचे एक कारण भूगोलात आहे. दादरचे शिवाजी मंदिर आणि गोरेगावची चित्रनगरी एकाच शहरात आहेत. दिवसा शूटिंग आणि रात्री प्रयोग हे मुंबईत जमू शकते. दुसरे कारण पोटाचे. नाटकाच्या नाइटच्या, म्हणजे प्रयोगागणिक मिळणाऱ्या, मानधनावर घर चालवणे फार थोड्यांना साधले, म्हणून नाटकात घडलेल्या अभिनेत्रींनी हिंदी चित्रपटातली दुय्यम कामे आणि पुढे मालिका घेतल्या. नाटकाने त्यांना घडवले आणि बाकीच्या माध्यमांनी जगवले, असे बऱ्याच जणींच्या बाबतीत म्हणता येते.

सुरुवात मात्र नकाराने झाली. दादासाहेब फाळके यांना 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीच्या कामाला बाई मिळाली नाही आणि ती भूमिका साळुंके नावाच्या तरुणाने केली. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमलाबाई (पुढच्या कमलाबाई गोखले) मोहिनी. या मायलेकी नाटक कंपनीतून आल्या होत्या. रंगभूमीवर मात्र स्त्रीपार्टी नटांचा काळ ओसरायला वेळ लागला. 1933 साली 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक रंगमंचावर आणले आणि ज्योत्स्ना भोळे व पद्मावती वर्तक यांनी त्यात कामे केली. सुशिक्षित घरांतल्या स्त्रियांसाठी नाटकाचे दार त्यामुळे बरेच उघडले.

चित्रपटात हा बदल एक वर्ष आधीच झाला होता. 'प्रभात' या चित्रसंस्थेच्या 'अयोध्येचा राजा' (1932) या पहिल्या मराठी बोलपटात तारामती साकारली ती दुर्गा खोटे यांनी. ज्या भूमिकेसाठी एकोणीस वर्षांपूर्वी बाई मिळत नव्हती, त्याच भूमिकेत सुखवस्तू घरातली, कॉलेजात शिकलेली, दोन मुलांची आई पडद्यावर आली. घरची आर्थिक घडी विस्कटल्यामुळे त्यांनी हे क्षेत्र पत्करले होते आणि सुरुवातीला टीकाही सोसली. 'अमर ज्योती'मधली (1936) बंडखोर सौदामिनी त्यांच्या ताठ मानेला आणि भरदार आवाजाला शोभून दिसली. पुढे त्या मराठी रंगभूमीवर रमल्या. 'भाऊबंदकी' नाटकातली आनंदीबाई ही त्यांची गाजलेली भूमिका. 'मुघल-ए-आझम'मध्ये (1960) त्या जोधाबाई होत्या, 'बॉबी'मध्ये (1973) प्रेमळ आजी. 1983 साली त्यांना दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. त्यांच्या निर्मितिसंस्थेने 1988 मध्ये दूरदर्शनसाठी 'वागळे की दुनिया' बनवली, हे मात्र पुष्कळांच्या लक्षात नसते. मूकपटांच्या अखेरीस सुरू झालेली एका स्त्रीची वाटचाल दूरदर्शनच्या निर्मितीपर्यंत गेली, ही गोष्ट त्यांच्या कोणत्याही भूमिकेइतकीच मोठी मानायला हवी.

ललिता पवार यांची वाट वेगळी. त्या मूकपटांपासून चित्रपटांतच वाढल्या. 1942 च्या सुमारास एका चित्रीकरणात सहकलाकाराची थप्पड जोरात बसली आणि चेहऱ्यावर पक्षाघाताचा परिणाम होऊन डावा डोळा कायमचा अधू झाला. उपचारांत काही वर्षे गेली, नायिकेची कामे संपली. त्यांनी त्या डोळ्यासकट काम मागितले आणि कजाग सासूचा नवा साचाच तयार केला. 'अनाडी'मधल्या (1959) मिसेस डिसाला पाहिले की त्याच चेहऱ्यात माया किती होती हे कळते. 1987 मध्ये 'रामायण' मालिकेतली मंथरा त्यांनी केली. याच मालिकेत कौसल्या होती जयश्री गडकर, 'सांगत्ये ऐका'ची नायिका. तमाशापटांची राणी आणि खाष्ट सासू अशा दोघी रविवारी सकाळी देशभरातल्या घरांत पोचल्या.

साठच्या दशकात प्रायोगिक रंगभूमीने अभिनेत्रींची एक नवी पिढी घडवली. विजया मेहता यांच्या पुढाकाराने 1960 मध्ये 'रंगायन' ही नाट्यसंस्था सुरू झाली आणि तालीम म्हणजे निव्वळ पाठांतर ही समजूत तिथे मोडली. सुलभा देशपांडे या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. 1967 मध्ये विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'त त्यांनी लीला बेणारे उभी केली. बेणारेही शिक्षिकाच. खेळ म्हणून मांडलेल्या खटल्यात सारे तिच्यावर उलटतात आणि शेवटच्या स्वगतात ती एकटी बोलते. हे स्वगत नुसत्या आवाजाच्या चढउतारावर पेलत नाही. मघापर्यंत थट्टामस्करी करणारी बाई आतून कशी कोसळते, ते प्रेक्षकाला आधीच्या दोन अंकांतून जाणवलेले असावे लागते. 1971 साली सत्यदेव दुबे यांनी नाटकावर चित्रपट केला आणि सुलभाताईंची बेणारे पडद्यावर टिकून राहिली. त्याच वर्षी 'आविष्कार' या नाट्यसंस्थेची स्थापना झाली. तिच्या मुलांसाठीच्या 'चंद्रशाला' विभागात सुलभाताईंनी पुढच्या कित्येक कलावंतांना हाताखाली घेतले. 'इंग्लिश विंग्लिश'मधली (2012) त्यांची सासू आजच्या तरुण प्रेक्षकालाही ठाऊक आहे.

भक्ती बर्वे यांचे मुख्य भांडवल वाणी. पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी'त (1975) गावंढळ बोलणाऱ्या मंजुळेला शुद्ध मराठी शिकवले जाते आणि त्या नाटकातले त्यांचे स्वगत पुढे गावोगावच्या स्पर्धांत मुली म्हणू लागल्या. त्याच भक्ती बर्वे मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचत. अशुद्ध बोली आणि निवेदिकेची स्वच्छ भाषा, दोन्ही एकाच जिभेवर तितक्याच खऱ्या वाटत, यात त्यांचा कस दिसतो. 'जाने भी दो यारों'त (1983) त्या संपादिका होत्या, 'गांधी विरुद्ध गांधी' नाटकात कस्तुरबा. वाईहून परतताना 2001 मध्ये अपघातात त्यांचा अंत झाला, तेव्हा त्या अवघ्या पन्नाशीच्या आसपास होत्या.

हिंदी पडद्याने मराठी अभिनेत्रींना काम दिले, पण वयाचा हिशोब कधी ठेवला नाही. रीमा लागू 'मैंने प्यार किया'मध्ये (1989) सलमान खानची आई झाल्या, तेव्हा दोघांत जेमतेम सात-आठ वर्षांचे अंतर होते. 'अग्निपथ'मध्ये (1990) अमिताभ बच्चन यांची आई झालेल्या रोहिणी हट्टंगडी त्यांच्याहून वयाने लहान. रंगभूमीवर 'पुरुष'मधली अंबिका आणि 'सविता दामोदर परांजपे'मधली भूमिका करणाऱ्या रीमा लागू यांच्यासारखी अभिनेत्री पडद्यावर मात्र आईच्या पदराआड राहिली. हा त्यांच्यावर अन्यायच होता. तरी 'वास्तव' चित्रपटात मुलावर पिस्तूल रोखणाऱ्या आईला त्यांनी जे वजन दिले, ते रंगमंचावरून आलेले आहे. 'तू तू मैं मैं' या मालिकेने त्यांची विनोदाची जाण देशभर पोचवली.

दैनंदिन मालिकांनी हे गणित बदलले. दूरदर्शनवर 'दामिनी' ही मालिका आली, 1999 मध्ये अल्फा मराठी वाहिनी सुरू झाली आणि कथेच्या मध्यभागी सासू, आजी, आत्या बसू लागल्या. कामाची पद्धत मात्र निराळी होती. नाटकात महिनाभराची तालीम असते आणि नंतर तीच वाक्ये शेकडो वेळा ताजी करावी लागतात. मालिकेत सीन सकाळी हातात येतो, दुपारी चित्रित होतो आणि पुन्हा कधी म्हणायचा नसतो. त्यात आवाज शेवटच्या रांगेपर्यंत फेकायची सवय आवरावी लागते, कारण कॅमेरा हातभर अंतरावर असतो. 'चार दिवस सासूचे' मालिकेतली आशालता देशमुख ही भूमिका याचे मोठे उदाहरण. 'गांधी' चित्रपटातल्या (1982) कस्तुरबासाठी बाफ्ता मिळवणाऱ्या रोहिणी हट्टंगडी यांनी तीन हजारांहून अधिक भागांत ती सांभाळली. राष्ट्रीय नाट्य विद्यालयातली शिस्त असल्याशिवाय इतकी वर्षे एकाच पात्रात जीव ओतणे कठीण.

अशा कारकिर्दींचा एक तोटाही आहे. चित्रपट आणि मालिका पुन्हा पाहता येतात, पण सुहास जोशी यांचा 'स्मृतिचित्रे'चा एकपात्री प्रयोग ज्यांनी पाहिला त्यांच्यापाशीच उरतो. एरवी सुहासताई 'झिम्मा'तली (2021) सहलीला निघालेली ज्येष्ठ बाई म्हणूनच ओळखीच्या होतात. त्यामुळे जुनी नाटके नव्या संचात उभी राहणे फार महत्त्वाचे. प्रशांत दळवी यांचे 'चारचौघी' हे नाटक 1991 मध्ये आले, तेव्हा त्यातल्या विद्याचा नवऱ्याशी फोनवर चाललेला लांबलचक प्रवेश वंदना गुप्ते यांनी एकटीने पेलला होता. पलीकडचा आवाज प्रेक्षकाला ऐकू येत नाही, तो फक्त तिच्या चेहऱ्यावर उमटतो. 2022 मध्ये नाटक पुन्हा आले, विद्या झाली मुक्ता बर्वे आणि आई झाल्या रोहिणी हट्टंगडी. पुढच्याच वर्षी 'बाईपण भारी देवा'मध्ये रोहिणीताई आणि वंदनाताई बहिणी म्हणून एकत्र दिसल्या. मंगळागौरीच्या स्पर्धेत उतरणाऱ्या सहा बहिणींच्या या चित्रपटाला तिकीटबारीवर मोठे यश मिळाले आणि थिएटरांत बायकांचे गटच्या गट आले. वय झालेल्या अभिनेत्रींवर मुख्य कथानक उभे राहू शकते, हे निर्मात्यांना त्या गर्दीने दाखवून दिले.