मत महाविद्यालयाचे, भवितव्य विद्यार्थ्याचे

अमेरिकेत दवाखान्यात गेलेल्या रुग्णाला तपासणारी, निदान करणारी आणि औषधे लिहून देणारी व्यक्ती दर वेळी डॉक्टरच असते असे नाही. अनेकदा ती 'फिजिशियन असिस्टंट', म्हणजेच वैद्यक-सहायक असते. हा व्यवसाय तेथे सहा दशकांचा झाला आहे. त्याचे शिक्षण देणाऱ्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांची संख्या तीनशेच्या वर गेली आहे. या अभ्यासक्रमांची 'फिजिशियन असिस्टंट एज्युकेशन असोसिएशन' ही संघटना बाहेरच्यांना फारशी ठाऊक नाही. मात्र या सहायकाने किती वर्षे शिकावे, कोणती पदवी घ्यावी आणि डॉक्टरांच्या देखरेखीबाहेर कधी पडावे, या प्रश्नांवरील वादात तिच्या सभांमध्ये मांडल्या जाणाऱ्या धोरणात्मक प्रस्तावांना मोठे वजन असते. म्हणूनच या प्रस्तावांवर मत कोण देतो, हे समजून घेणे अगत्याचे ठरते.

लष्करी सेवकांपासून सुरुवात

१९६० च्या दशकात अमेरिकेत, विशेषतः ग्रामीण भागात, डॉक्टरांची टंचाई जाणवू लागली होती. नौदलात वैद्यकीय सेवक म्हणून काम केलेल्या तरुणांपाशी अनुभव होता, पण मुलकी जीवनात त्याला मोल नव्हते. ड्यूक विद्यापीठातील डॉ. यूजीन स्टेड यांनी या दोन्ही गोष्टींची सांगड घातली. १९६५ मध्ये अशा चार माजी सेवकांना घेऊन त्यांनी पहिला वर्ग सुरू केला आणि ६ ऑक्टोबर १९६७ रोजी त्यांतील तिघे उत्तीर्ण होऊन बाहेर पडले. अनुभवी माणसाला अल्पकाळात, कमी खर्चात प्रशिक्षित करून रुग्णसेवेत आणावे, ही या व्यवसायामागील मूळ कल्पना होती.

पुढे अभ्यासक्रम वाढले तशी त्यांच्यात समन्वयाची गरज भासू लागली. त्यातून १९७२ मध्ये 'असोसिएशन ऑफ फिजिशियन असिस्टंट प्रोग्रॅम्स' ही संघटना उभी राहिली. २००५ मध्ये तिने सध्याचे नाव धारण केले. २००१ पासून देशभरातील प्रवेशअर्ज एकाच केंद्रीय सेवेमार्फत स्वीकारले जाऊ लागले. विद्यार्थ्यांची तयारी जोखणाऱ्या समान परीक्षाही संघटना तयार करते.

चार खांब, चार अधिकार

या व्यवसायाचा कारभार एका संस्थेच्या हाती एकवटलेला नाही. व्यावसायिकांची राष्ट्रीय संघटना १९६८ पासून अस्तित्वात आहे. अभ्यासक्रमांना मान्यता देणारा आयोग स्वतंत्र आहे. पदवीधरांची प्रमाणन परीक्षा, म्हणजे पाच तासांत सोडवावयाचे तीनशे प्रश्न, आणखी एक संस्था घेते. शिक्षणसंस्थांची संघटना हा चौथा खांब. मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आणि प्रमाणन परीक्षा या दोन पायऱ्या चढल्यानंतरच राज्य सरकारकडे परवान्यासाठी जाता येते.

मान्यता रद्द करण्याचा किंवा परवाना नाकारण्याचा अधिकार शिक्षणसंस्थांच्या संघटनेला नाही. तरीही मान्यता आयोगावर सदस्यांची नावे सुचविणाऱ्या संस्थांत ती आहे, वॉशिंग्टनमध्ये ती लोकप्रतिनिधींपुढे बाजू मांडते आणि तिची भूमिका म्हणजे वर्गात शिकविणाऱ्यांची भूमिका मानली जाते. अधिकार नसला तरी शब्दाला वजन आहे.

या संघटनेच्या रचनेत एक वैशिष्ट्य आहे. तिचे सभासद व्यक्ती नसून अभ्यासक्रम आहेत आणि प्रत्येक अभ्यासक्रमाला एकच मत आहे. मोठ्या विद्यापीठाचा जुना अभ्यासक्रम आणि छोट्या गावातील महाविद्यालयाचा नवा अभ्यासक्रम या सभेत समान ठरतात. लहानांचा आवाज दडपला जाऊ नये, हा या पद्धतीचा गुण. परंतु तिचीच दुसरी बाजू अशी की, मत संस्थेचे असते. शुल्क भरणाऱ्या विद्यार्थ्याचे नसते. संचालक मंडळावर विद्यार्थी प्रतिनिधीला स्थान आहे, पण हजारो विद्यार्थ्यांच्या वतीने ते स्थान किती पुरे पडणार, हा प्रश्न उरतोच.

स्वायत्तता कोणाला, कधी?

व्यावसायिकांची संघटना आणि शिक्षणसंस्थांची संघटना यांच्या दृष्टीत किती अंतर पडू शकते, हे २०१७ मध्ये दिसून आले. त्या वर्षी मे महिन्यात व्यावसायिकांच्या प्रतिनिधी सभेने एक महत्त्वाचे धोरण स्वीकारले. सहायकाने विशिष्ट डॉक्टरशी कायदेशीर करार करून त्याच्याशी बांधलेले असावे ही अट काढून टाकावी, त्यांच्यासाठी राज्यांत स्वतंत्र नियामक मंडळे असावीत आणि विमा कंपन्यांनी मोबदला थेट त्यांनाच द्यावा, अशी त्यात मागणी होती.

वीस वर्षे काम केलेल्या सहायकाच्या दृष्टीने ही मागणी रास्तच होती. पण शिक्षणसंस्थांनी शंका उपस्थित केली ती कालपरवा उत्तीर्ण झालेल्या पदवीधराविषयी. सरासरी २७ महिन्यांचा अभ्यासक्रम डॉक्टरांच्या सहकार्याने काम करण्यासाठी आखलेला आहे. ते सहकार्य कायद्यातून वगळले, तर नवख्या पदवीधराची तयारी पुरेशी ठरेल काय? आणि ठरणार नसेल, तर अभ्यासक्रम लांबवावा लागेल काय? या प्रश्नांचा रोख सहायकांच्या योग्यतेकडे नव्हता. हक्क वाढला की शिक्षणाचा भारही वाढतो, याची ती आठवण होती. पुढे मोबदल्याची मागणी अंशतः फळाला आली. ज्येष्ठांसाठीच्या मेडिकेअर योजनेतून सहायकांना थेट पैसे देण्याची तरतूद १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली.

पदवीची चढती शिडी

याहून अधिक काळ रेंगाळलेला वाद पदवीचा आहे. आरंभीच्या अभ्यासक्रमांतून प्रमाणपत्र किंवा साधी पदवी मिळत असे. हळूहळू पदव्युत्तर पदवीचा आग्रह वाढला आणि मान्यता आयोगाने ३१ डिसेंबर २०२० नंतर प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला पदव्युत्तर पदवीच दिली जावी, असा दंडक घातला. ज्या माजी लष्करी सेवकांपासून या व्यवसायाचा प्रारंभ झाला, त्यांच्यासारख्या तरुणाला आता आधी पदवी आणि मग पदव्युत्तर शिक्षण अशी दुहेरी वाट चालावी लागते.

तेवढ्यावर शिडी थांबलेली नाही. भौतिकोपचार शाखेने प्रवेशपातळीवरच डॉक्टरेट अनिवार्य केल्याने, सहायकांसाठीही तसेच करावे, असा सूर उमटला. यावर विचार करण्यासाठी दोन्ही संघटनांनी २००९ मध्ये परिषद भरविली आणि तिने प्रवेशपातळीवरील डॉक्टरेटच्या विरोधात कौल दिला. २०२३ मध्ये शिक्षणसंस्थांच्या संघटनेने हा विषय पुन्हा चर्चेला घेतला. इतर शाखांच्या बरोबरीचा मान मिळेल, असे समर्थक म्हणतात. शुल्क वाढेल आणि सामान्य घरातील मुले बाहेर फेकली जातील, असे विरोधक म्हणतात. लांबलेल्या शिक्षणक्रमाचे शुल्क ज्या संस्थांच्या तिजोरीत जाणार, त्याच संस्था या प्रश्नावर मत देणार आहेत. हितसंबंधांचा हा पेच कोणत्याही शिक्षणसंस्था-संघटनेला चुकत नाही. २००९ च्या कौलात स्वतःच्या लाभापेक्षा विद्यार्थ्याचा खर्च मोठा मानला गेला, हे म्हणूनच नोंद घेण्याजोगे आहे.

कर्जाची मर्यादा

या खर्चाला २०२५ मध्ये नवे परिमाण लाभले. ४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षरी झालेल्या संघीय कायद्याने पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या सरकारी कर्जावर मर्यादा घातली. 'व्यावसायिक' पदवीच्या विद्यार्थ्याला वर्षाला ५० हजार व एकूण दोन लाख डॉलर. इतरांना वर्षाला २० हजार ५०० व एकूण एक लाख डॉलर. १ जुलै २०२६ ही तिच्या अंमलबजावणीची तारीख ठरली. मग व्यावसायिक पदवी कशाला म्हणावे? नोव्हेंबर २०२५ मध्ये शिक्षण खात्याच्या समितीने ज्या व्याख्येवर सहमती दर्शविली, तीत वैद्यक, दंतवैद्यक, कायदा, इतकेच काय पण धर्मशास्त्रही आहे. वैद्यक-सहायक, परिचर्या आणि भौतिकोपचार मात्र नाहीत. संघटनेने या व्याख्येला हरकत घेतली.

भौतिकोपचाराची डॉक्टरेटही या यादीबाहेर राहिली, ही बाब बोलकी आहे. केवळ पदवीचे नाव उंचावल्याने सरकारदरबारी दर्जा उंचावतोच असे नाही, हा त्यातील धडा. डॉक्टरेटच्या प्रस्तावावर मत देणाऱ्या प्रत्येक संस्थेला यापुढे हा हिशेब मांडावा लागेल.

जागा अपुऱ्या, मार्गदर्शक थकलेले

शिक्षणाचा कणा असलेल्या प्रत्यक्ष रुग्णसेवेच्या प्रशिक्षणाचा प्रश्नही तितकाच बिकट आहे. विद्यार्थ्याने रुग्णालयांत, दवाखान्यांत दोन हजारांहून अधिक तास काम करणे अपेक्षित असते. त्यासाठी लागणारे मार्गदर्शक बहुधा आपले नित्याचे काम सांभाळून शिकवीत असतात. त्याच मार्गदर्शकांकडे वैद्यक व परिचर्येचे विद्यार्थीही येतात. २०१३ मध्ये या सर्व शाखांच्या शिक्षण-संघटनांनी मिळून पाहणी केली, तेव्हा जागांची चणचण ही सर्वांचीच चिंता असल्याचे आढळले. जॉर्जिया राज्याने २०१४ मध्ये अशा मार्गदर्शक डॉक्टरांना करसवलत दिली आणि २०१९ मध्ये ती सहायकांनाही लागू केली. नवे अभ्यासक्रम मात्र निघतच आहेत. प्रत्येक नव्या अभ्यासक्रमासोबत संघटनेत एक मत वाढते आणि प्रशिक्षणाच्या त्याच जागांसाठी आणखी एक स्पर्धक उभा राहतो.

भारतासाठी बोध

भारतातही हा व्यवसाय नवा नाही. चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांच्या पुढाकाराने १९९२ मध्ये असा अभ्यासक्रम सुरू झाला. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग व राज्य परिषदांची तरतूद केली आणि त्यांत या व्यवसायालाही स्थान दिले. अमेरिकेत जे चार संस्थांत विभागले आहे, ते येथे बव्हंशी वैधानिक आयोगाकडे येते. पद्धत वेगळी असली तरी प्रश्न तेच आहेत: अभ्यासक्रम किती वर्षांचा, शुल्क किती, स्वायत्तता कितपत. महाराष्ट्रातील विद्यार्थी-पालकांनी या क्षेत्राकडे पाहताना हे निर्णय कोणत्या टेबलाभोवती होतात, हेही विचारायला हवे.

अमेरिकेतील संघटनेची सभा तिच्या नियमांनुसार प्रस्ताव मांडील, हात वर होतील, ठराव मंजूर वा नामंजूर होतील. त्या सभागृहात बसायला न मिळालेले दोघे असतात: कर्ज काढून शिकणारा विद्यार्थी आणि उद्या त्याच्यासमोर बसणारा रुग्ण. प्रस्ताव चांगला की वाईट, याची खरी कसोटी त्या दोघांच्याच पदरात काय पडते यावर लागणार आहे.