शून्य म्हणजे लाल की निळा? : सी प्लस प्लसमधले नावांचे व्हेक्टर

आजचा विषय माझ्याच फजितीतून आलाय.

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मी फोटोवर फिल्टर लावणारा प्रोग्रॅम सी प्लस प्लसमध्ये लिहिला. डेमोच्या दिवशी स्क्रीनवर सगळ्यांचे चेहरे निळे! झालं असं, की ओपनसीव्ही लायब्ररी फोटो वाचून रंग देते ते निळा, हिरवा, लाल या क्रमाने. मी मात्र शून्य नंबरचा घटक लाल धरून बसलेलो. कंपायलर गप्प, कारण त्याला दिसत होते नुसते तीन आकडे.

मग वाटलं, घटकांना नावं देऊया. पहिल्यांदा सुचते ती युनियन: एकाच मेमरीत ॲरेही आणि आर, जी, बी ही नावंही. बऱ्याच कंपायलरवर चालतं, पण नावाने लिहून ॲरेतून वाचणं भाषेच्या नियमांत बसत नाही. आज चाललं म्हणून उद्या चालेलच, याची हमी नाही.

त्यापेक्षा कामाचे दोन भाग करा. पहिला साठवणीचा: आरजीबी, बीजीआर, एक्सवायझेड, प्रत्येकाचं छोटं स्ट्रक्ट, आत आपापल्या नावांचे मेंबर. दुसरा, व्हेक्टर नावाचं एकच टेम्प्लेट. ते यातलं हवं ते स्ट्रक्ट इनहेरिट करतं. बेरीज, गुणाकार तिथे एकदाच लिहायचे.

पण लूप फिरवायला नंबर लागतोच ना? त्यासाठी स्ट्रक्टमध्येच पॉइंटर-टू-मेंबरचा तक्ता ठेवा: शून्य म्हणजे कुठलं नाव, एक म्हणजे कुठलं. तक्ता स्टॅटिक कॉन्स्टएक्सपीआर, म्हणजे प्रत्येक पिक्सेलमध्ये त्याची कॉपी नाही. एका बाइटचे तीन घटक असतील तर पिक्सेल तीन बाइटचाच राहतो.

आता खरी मजा. आरजीबी आणि बीजीआर हे वेगळे टाइप झाले. चुकून एकाच्या जागी दुसरा दिला, की कंपायलर तिथेच अडवतो. 1920 गुणिले 1080 च्या फोटोत वीस लाखांवर पिक्सेल असतात, पण ही तपासणी प्रोग्रॅम चालताना एकदाही होत नाही. ती कंपाइल होतानाच संपलेली असते.

तोटा एकच, टेम्प्लेटचे एरर मेसेज मारुतीच्या शेपटीसारखे लांब. स्टॅटिक ॲसर्ट वापरून आपला साधा मेसेज लिहा, आणि सी प्लस प्लस 20 असेल तर कन्सेप्ट्स वापरा.

तुमच्या कोडमध्ये शून्य, एक, दोन कुठे लपलेत, आज बघाच. भेटू पुढच्या भागात!