शिकारी कॅटफिश : विकण्याआधी पूर्ण वाढीचे माप सांगा

यंत्रमागाच्या धंद्यात मंदी आली की अनेक कारागीर बंधू जोडधंद्याच्या शोधात लागतात. रंगीत मासे पाळणे व विकणे हा त्यांपैकीच एक. कुर्ला किंवा क्रॉफर्ड मार्केटहून माल आणावा, काचेच्या टाक्या जोडाव्यात आणि आपल्याच मोहल्ल्यात विकाव्यात, इतक्या भांडवलावरही सुरुवात होते. परंतु आता गिऱ्हाईक गप्पी व गोल्डफिशवर समाधान मानत नाही. त्याला 'दुर्मिळ' आणि 'शिकारी' मासा हवा असतो. लांब मिशांचा कॅटफिश या मागणीत पुढे आहे. या मालात नफा आहे, तसाच गिऱ्हाइकाला फसवल्याचा दोष लागण्याचा धोकाही आहे. म्हणून टेमघरसारख्या दाट वस्तीतील दुकानदार व हौशी पाळणाऱ्यांनी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

बोटभर पिल्लू, हातभर मासा

बाजारात सर्वाधिक खपणारा शिकारी कॅटफिश म्हणजे 'रेड टेल'. त्याचे मूळ दक्षिण अमेरिकेतील अॅमेझॉन व ओरिनोको या नद्यांत आहे. दुकानात तो दोन-तीन इंचांचा असतो. काळी पाठ, पांढरा पट्टा, तांबडी शेपटी. पाहताच मन मोहून जाते. हाच मासा पूर्ण वाढल्यावर मीटरभराहून लांब होतो. पट्ट्यापट्ट्यांचा 'टायगर शोव्हलनोज' हाही त्याच खंडातला आणि तितकाच मोठा होणारा. आपल्याकडील नद्यांतील शिवडाही मीटरभराच्या पुढे जातो.

आता टाकीचा हिशेब करू. चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच टाकी म्हणजे नऊ घनफूट. एका घनफुटात सुमारे 28 लिटर पाणी मावते. म्हणजे अडीचशे लिटर पाणी, आणि तितकेच किलो वजन. काच व स्टँड वेगळे. एवढ्या टाकीत रेड टेल वर्षभरही सुखाने राहत नाही. त्याला वळता यावे म्हणून दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट खोल हौद धरला, तर पाणी पाच हजार लिटर आणि वजन पाच टन होते. माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत हे शक्य नाही.

ज्यांना खरोखरच शिकारी जात पाळायची आहे त्यांनी 'चाका' या माशाचा विचार करावा. गंगा व ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांत सापडणारा हा रुंद तोंडाचा मासा सुमारे वीतभरच वाढतो. तो तळाशी पाचोळ्यासारखा निपचित पडून राहतो आणि भक्ष्य तोंडासमोर आले की गिळतो. त्याला उंच टाकी नको, तळ रुंद हवा.

खाणे कसे द्यावे

कॅटफिश बहुधा रात्री फिरतो. म्हणून मगरिबनंतर, दिवा मंद करून खाणे द्यावे. पिल्लाला रोज थोडे, मोठ्या माशाला आठवड्यातून दोन-तीन वेळा पुरेसे आहे. पोट किंचित गोल दिसले की थांबावे. तळाशी बसणाऱ्या गोळ्या, सोललेली कोळंबी, माशाचे तुकडे व स्वच्छ गांडुळे हा चांगला आहार होय.

भिवंडीत गोश्ताची दुकाने जवळ असल्याने काही जण कलेजी, चरबी व कोंबडीचे तुकडे टाकतात. ही सवय सोडावी. जनावराची चरबी माशाला नीट पचत नाही आणि त्याचे यकृत बिघडते. जिवंत गोल्डफिश रोज खाऊ घालणेही चुकीचे आहे. त्यातून रोग येतात, शिवाय त्यात जीवनसत्त्व ब-1 नष्ट करणारा घटक असतो. चाका सुरुवातीला मेलेले खाणे घेत नाही. त्याच्यापुढे चिमट्याने तुकडा हलवत राहिल्यास तो हळूहळू शिकतो.

जो मासा तोंडात मावतो तो भक्ष्यच, असे समजून सोबती निवडावेत. रेड टेल तर खडे व थर्मामीटरही गिळतो. तळ मोकळा ठेवावा आणि हीटरला जाळी लावावी.

पाणी व कारखान्याचा शेजार

उल्हास नदीचे पाणी शहाड-टेमघर योजनेतून टेमघरला शुद्ध होऊन पुढे जाते. शुद्धीकरणातील क्लोरीन माणसाला उपयोगी, माशाला घातक. पाणी एक दिवस हवा सोडून ठेवावे किंवा हायपोचे थोडे खडे वापरावेत. ब्लीचिंगनंतर कपड्यातील क्लोरीन मारण्यासाठी वापरतात तोच हा हायपो. रंगाई करणाऱ्या बंधूंना तो नवा नाही.

माशाच्या विष्ठेतून व उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. तो पचवणारे जीवाणू फिल्टरमध्ये रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मोठा मासा सोडू नये. पुढे दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे. कॅटफिशला खवले नसतात, म्हणून औषध निम्म्या मात्रेने सुरू करावे.

कॅटफिशचे कान तीक्ष्ण असतात. मागाच्या भिंतीला लागून टाकी ठेवल्यास खडखडाटाने तो बिथरतो. उडणारी रुई पाण्यावर साचू नये म्हणून झाकण हवे. वीज गेल्यास चालेल असा बॅटरीचा हवापंपही जवळ ठेवावा.

तलावात सोडू नका

मासा टाकीत मावेनासा झाला की लोक तो वऱ्हाळा तलावात किंवा कामवारी नदीत सोडण्याचा विचार करतात. ही दया नव्हे. परदेशी शिकारी मासा स्थानिक मासे फस्त करतो आणि मासेमाराच्या रोजीवर घाला पडतो. 2020 साली वाराणसीजवळ गंगेत दक्षिण अमेरिकेतील सकर कॅटफिश सापडला. असे मासे टाक्यांतूनच नद्यांत पोहोचतात. थाई मांगूर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आफ्रिकन कॅटफिशच्या पैदाशीवर याच कारणाने केंद्र सरकारने 2000 साली बंदी घातली. तो मासा हौसेसाठीही विकत घेऊ नये.

दुकानदाराची अमानत

धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलावा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी विक्रेत्याला दाखवून दिला आणि फसवणाऱ्याला आपल्यातला मानले नाही, ही हदीस व्यापाऱ्यांना ठाऊक आहे. दोन इंचांचे पिल्लू विकताना तो तीन फुटांचा होईल हे न सांगणे, हाही ओला माल कोरड्याखाली दडवण्याचाच प्रकार होय. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीचा अंजामही हदीसमध्ये आला आहे. लहान मुलाने पाळलेल्या पाखराबद्दल मात्र प्रेषितांनी (स.) मायेने विचारपूस केली होती. म्हणजे पाळण्यास हरकत नाही, हेळसांडीस आहे.

तेव्हा प्रत्येक टाकीवर किमतीशेजारी पूर्ण वाढीचे माप, लागणारी टाकी व आहार लिहावा. मोठा झालेला मासा परत घेण्याची तयारी ठेवावी. दोन गिऱ्हाइके कमी होतील, पण जे येतील ते फिल्टर, खाणे व औषधासाठी वर्षानुवर्षे तुमच्याच दुकानाची पायरी चढतील. धंद्यातील बरकत इन्शाअल्लाह याच मार्गाने येते.