एक दम, तीन घराणी

धावले की दम लागतो, मोठे माणूस रागावले की दम भरते आणि घाई करणाऱ्याला 'दमाने घे' असे सांगावे लागते. हा 'दम' फारसीतून मराठीत आला. फारसीत त्याचा अर्थ श्वास. 'एकदम' म्हणजे मुळात एका श्वासात, तर 'हमदम' म्हणजे जिवलग सोबती. हंडीचे झाकण कणकेने बंद करून बिर्याणीला देतात, तो दमही हाच.

संस्कृतातला 'दम' वेगळ्या घराण्यातला. 'दम्' म्हणजे वश करणे, आवरणे. त्या धातूपासून तो बनला. शमदमातला तो हा. गीतेच्या १६व्या अध्यायात दैवी गुणांच्या यादीत तो दानाच्या शेजारी बसला आहे. रोजा आणि जकात यांचा महिना पाळणाऱ्यांना ही जोडी अनोळखी वाटू नये.

तिसरा दम अरबी. तिथे त्याचा अर्थ रक्त. हिब्रूतही हाच शब्द आहे. हजच्या विधीत काही चूक झाली तर द्यावयाच्या कुर्बानीलाही 'दम' म्हणतात.

व्याकरणही ज्याचे त्याचे. अरबीत याचे अनेकवचन 'दिमा'. संस्कृतात तो 'दमः, दमेन' असा चालतो. फारसीत नामाला लिंगच नसते. मराठीने मात्र त्या श्वासाला पुल्लिंगी केले, 'ने' प्रत्यय जोडला आणि 'दमाने' हा अस्सल मराठी शब्द घडवला.

गंमत पुढेच आहे. फारसी 'दम'चे खरे नाते संस्कृत 'दम'शी नाही, तर फुंकणे या अर्थाच्या 'ध्मा' धातूशी आहे. आपल्या 'धमनी'तला धातू तो हाच. म्हणजे हुबेहूब दिसणारे शब्द परके निघाले आणि परका मानलेला शब्द भाऊबंद निघाला. नुसता चेहरा पाहून आपला कोण, बाहेरचा कोण हे ठरवणाऱ्याची फसगत होते, ती शब्दांच्याच बाबतीत होते असे नाही.

या दिवसांत मगरिबच्या अजानला दहा मिनिटे असताना, समोरच्या खजुरांकडे पाहत बसलेल्या एखाद्या लहानग्या रोजेदाराला आई म्हणते, "बाळा, थोडा दम धर." शब्द फारसी, मूल पाळते आहे तो संस्कृतातला दम, आणि आई बोलते आहे मराठी.