हिसक्यांचा ताल

मॉडेल रेल्वेचे छोटे इंजिन हिसके देऊ लागले की बरेच हौशी लोक आधी मोटरला दोष देतात आणि नवी मोटर मागवतात. मोटर बहुधा निर्दोष असते. एचओ मापाचे इंजिन खऱ्याच्या 1/87 असते, 16.5 मिलिमीटर अंतरावरच्या दोन रुळांवर धावते, आणि चाक रुळाला जेमतेम ठिपक्याएवढे टेकते तिथूनच त्याला सगळी वीज मिळते. वेगात असताना फ्लायव्हील वीज तुटल्याचे क्षण झाकून नेते, म्हणून इंजिनाची परीक्षा रांगत्या गतीवरच घ्यावी आणि हिसक्यांचा ताल पाहावा. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक हिसका बसत असेल तर गिअर तडकलेला असेल, दात्यांत केस-कचरा असेल, वाफेच्या इंजिनात दांडे अडत असतील. एकाच जागी बसत असेल तर रूळ तपासावा: सैल जोड, किंवा सांध्यातला वीज नसलेला प्लास्टिकचा तुकडा. आणि तालच नसेल तर दोष बहुधा मळक्या चाकांचा. थांबलेले इंजिन बोटाने हलके दाबताच निघाले, तर संशयाला जागा उरत नाही.

उपाय स्वस्त आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओले केलेले कापड रुळांवर आडवे टाकावे, एका बोगीची चाके त्यावर आणि दुसरीची उघड्या रुळांवर ठेवून इंजिन हाताने धरावे व वीज द्यावी. कापडावर काळे पट्टे उमटतात. मग चाकांच्या मागे टेकणाऱ्या धातूच्या पत्त्या पुसाव्यात. त्या वाकून चाकापासून सुटल्या असतील तर चाक कितीही चकचकीत असले तरी व्यर्थ. पॉलिशपेपर नको, कारण त्याच्या ओरखड्यांत मळ साचतो. तेल सुईच्या टोकावर राहील इतकेच. जास्तीचे शेवटी चाकांवरच येते.

डिजिटल इंजिनातल्या डिकोडरला, म्हणजे हुकूम वाचणाऱ्या सर्किटला, कपॅसिटर जोडला की वीज तुटली तरी इंजिन पुढे जाते, मग ही उठाठेव कशाला, असे कोणी म्हणेल. पण डिजिटल पद्धतीत चालकाचे हुकूमही रुळांतूनच येतात. संपर्क तुटलेला असताना ‘थांब’ म्हटलेले इंजिनाला कळत नाही आणि साठवलेल्या विजेवर ते पुढेच जाते. शिवाय ठिणग्यांनी चाके काळवंडायची थांबत नाहीत, आणि अडलेल्या गिअरला कपॅसिटर काय करणार? आखूड, चारचाकी शंटिंग इंजिनाची गोष्ट वेगळी. त्यातही दोन चाकांना रबरी टायर असतील तर वीज घ्यायला दोनच चाके उरतात. तिथे कपॅसिटर जरूर बसवावा, पण चाके, पत्त्या आणि गिअर साफ केल्यावर.