नाक आभाळात, पिछाडी पाण्यात

भाईंदर पश्चिमेला राई, मुर्धा, मोरवा ही गावे एकमेकांना लागून आहेत. भोवती मिठागरे, खारफुटी आणि उत्तरेला वसईची खाडी. समजा, या खाडीत दहा फुटांची एक रबरी डिंगी उतरवली आहे. मागच्या फळीवर आठ अश्वशक्तीचे मशीन, त्याचा दांडा धरून एक जण बसलेला आणि त्याच्या अगदी शेजारी त्याचा मित्र. मूठ पूर्ण पिळली की मशीन बोंबलते, मागे पाणी उसळते, बोटीचे नाक आभाळाकडे जाते. चालवणाऱ्याला समोरचे काही दिसत नाही आणि एवढे करून वेग रमतगमत चाललेल्या सायकलइतकाच. मग कंटाळून मित्र सरकत पुढे जातो. नाक खाली येते आणि तीच बोट, त्याच मशीनवर, एकदम सुटते.

हा चमत्कार नव्हे. बोट पाण्यातून चालणे आणि पाण्यावरून धावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यामध्ये एक घाट आहे आणि लहान रबरी बोटी बहुतेक वेळा त्या घाटातच अडकतात.

घाट उभा राहतो तो बोटीनेच उठवलेल्या लाटेचा. पाणी कापत जाणारी बोट पुढे एक लाट उठवते. वेग वाढला की लाटेची लांबी वाढते. हे गणित ठरलेले आहे. पाण्यात टेकलेली लांबी साधारण 2.6 मीटर असेल, तर ताशी 7 किलोमीटरच्या सुमारास लाट बोटीएवढीच लांब होते. त्याहून जोर लावला की पुढचा भाग लाटेच्या माथ्यावर, पिछाडी खळग्यात आणि बोट स्वतःच केलेल्या टेकडीवर चढत राहते. विल्यम फ्राउड या इंग्रज अभियंत्याने 1870च्या दशकात टॉर्की येथे लांबलचक हौद बांधून त्यात जहाजांच्या छोट्या प्रतिकृती ओढल्या आणि हा हिशेब मांडला. जहाजबांधणीत आजही त्याच्या नावाचा आकडा वापरतात.

मोठ्या जहाजांना ही टेकडी ओलांडायची नसते. हलक्या, सपाट तळाच्या बोटीला मात्र ती ओलांडता येते. तळ्यात चपटी खापरी तिरकी फेकली की ती उड्या मारत जाते, कारण वेगाने आपटणारे पाणी तिला खालून वर ढकलते. डिंगीचेही तसेच. ताशी 15 किलोमीटरच्या आसपास पोचली की तिचे बरेचसे वजन हे ढकलणारे पाणीच पेलते. तळाचा थोडाच भाग भिजतो आणि मशीनवरचा ताण उतरतो. यालाच प्लेनिंग म्हणतात. एकदा वर आले की मूठ थोडी सैल सोडली तरी बोट वरच राहते, हातगाडी फुटपाथवर चढवताना लागणारा जोर वर गेल्यावर लागत नाही तसा.

हा केवळ हौसेचा प्रश्न नाही. ओहोटीचा प्रवाह ताशी 4 किलोमीटरने समोरून येत असेल, तर 7च्या वेगाने रेटणाऱ्या बोटीच्या वाट्याला उरतात 3. पेट्रोल पूर्ण जळते, बोट जागच्या जागी असल्यासारखी वाटते आणि पाणी उतरले की दोन्ही बाजूंना गाळ उघडा पडतो. कुणाला तरी बाहेर काढायला निघालेल्यांसाठी हा फरक फार मोठा ठरू शकतो.

अशा वेळी पहिला विचार येतो तो मोठ्या मशीनचा. तो बहुधा चुकीचा असतो. मोठे मशीन जडही असते आणि ते वजन नेमके मागे, जिथे नको तिथे येते. शिवाय मागच्या फळीला किती ताकदीचे मशीन सोसते, ते बोटीवरच्या पाटीवर लिहिलेले असते. ताकद मुळातच अपुरी असेल तर गोष्ट वेगळी. ढोबळ अंदाज असा की दर अश्वशक्तीमागे 20 ते 25 किलो. बोट 40 किलो, मशीन 27, इंधन 10 आणि दोन माणसे 140 धरली तर 217 किलो होतात. म्हणजे 9-11 अश्वशक्ती हवी. आठवर जमते, पण काठावर. या काठावरच्या बोटीतच वजन कुठे ठेवले याला महत्त्व येते.

पेट्रोलची टाकी, नांगर, दोरखंड, पाण्याचा कॅन हे सगळे पुढे. चालवणारा मागे अडकलेला असतो तो दांड्यामुळे, म्हणून दांड्याला लांबीचा जोड मिळतो. तो घट्ट बसवला की माणूस हातभर पुढे बसू शकतो. तळात साचलेले पाणी लोक विसरतात. एक मीटर रुंद आणि दोन मीटर लांब तळावर एक सेंटीमीटर पाणी म्हणजे 20 किलो. बोट नाक वर करते तेव्हा हे सगळे पाणी धावत मागे येते.

दुसरी गोष्ट हवेची. आपल्याकडच्या उन्हाला ती विशेष लागू पडते. मे महिन्यात किनाऱ्यावर ठेवलेल्या बोटीच्या नळ्यांतली हवा 45 अंशांपर्यंत तापली आणि तेव्हा दाब बरोबर 0.25 बार भरला, तर 28 अंशांच्या पाण्यात उतरल्यावर तो सुमारे 0.18 बारवर येतो. पाव भाग गेला! बोट मऊ पडते, तळ मध्येच वाकतो, पाणी त्याला नीट वर ढकलू शकत नाही. त्यामुळे पाण्यात उतरवून दहा मिनिटांनी पंपाने पुन्हा दाब पुरा करावा. आणि परत आल्यावर बोट उन्हात ठेवण्याआधी थोडी हवा सोडावी, नाहीतर शिवणी उसवतात. तळ पट्ट्यांचा असेल तर तो मुळातच लवचिक असतो. हवेचा किंवा प्लायवुडचा ताठ तळ लवकर वर येतो.

मग मशीनकडे वळावे. ते फळीला लावण्याचा कोन बदलायला एक खीळ असते. पंखा बोटीकडे एक घर आत घेतला की पिछाडी उचलली जाते आणि नाक दबते. पंख्याच्या वरची आडवी चकती बोटीच्या तळाच्या पातळीत किंवा दोन-तीन सेंटीमीटर खाली असावी. फार खोल गेली तर पाणी अडते, फार वर आली तर पंखा हवा ओढतो आणि नुसता गरगरतो. कमी पिचचा पंखा म्हणजे घाटातला पहिला गिअर. वरचा वेग थोडा जातो, पण चढ निघतो. आपल्या खाड्यांत तर आधी पंख्याला गुंडाळलेली प्लास्टिकची पिशवी काढावी, अर्धी तक्रार तिथेच मिटते.

त्या चकतीवर बसवायचे प्लास्टिकचे पंखही मिळतात. ते पिछाडी खरोखर उचलतात. पण बहुतेकांसाठी मशीनच्या चकतीला भोके पाडावी लागतात आणि मागून लाट आली तर नाक पाण्यात खुपसले जाऊ शकते. वजन आणि हवा यांचे काम फुकट होते, ते आधी करून पाहिलेले बरे.

पुढे वजन घ्यायचे म्हणजे माणसाला पुढे बसवायचे, असा सोपा अर्थ मात्र काढू नये. बोट वर आली की लाटांवर आपटते आणि सर्वांत जोराचा आपट नाकापाशी बसतो. मणक्यांचे फ्रॅक्चर होते ते बहुधा छातीचा कणा कमरेच्या कण्याला जोडतो तिथे, म्हणजे बाराव्या आणि त्याखालच्या मणक्याला. हाडे ठिसूळ झालेल्या वयस्कर स्त्री-पुरुषांना यासाठी फार मोठी लाटही लागत नाही. म्हणून सामान पुढे, माणसे मध्ये. गुडघे वाकवून, दोरी धरून, तोंड समोर करून बसावे. पुढच्या नळीवर पाय सोडून तर बसूच नये, कारण तिथून पडणारा थेट पंख्याखाली जातो. गरोदर स्त्री, कंबरदुखीचा रुग्ण किंवा लहान मूल बोटीत असेल तर प्लेनिंगचा विषयच काढू नये.

मोरव्याजवळ खाडी होऊन समुद्राला मिळणारी उल्हास नदी 27 जुलै 2019 रोजी वर बदलापूर-वांगणीच्या पट्ट्यात फुगली आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. एनडीआरएफ, नौदल आणि स्थानिकांनी सुमारे एक हजार प्रवासी सुखरूप बाहेर काढले. त्यांत गरोदर महिलाही होत्या. अशा पाण्याखाली कुंपणे, तारा, खांब असतात आणि बोट भरलेली असते. तिथे वेग कामाचा नाही, बोटीची लाटच चालत्या माणसाला पाडते. रिकाम्या बोटीने मोकळ्या पाण्यातून पोचायचे असते तेव्हा वेग उपयोगी पडतो. पुढच्याच महिन्यात सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळला पुरातून लोकांना नेणारी बोट जादा भाराने उलटली आणि माणसे गेली. पाटीवरचा आकडा हा पुरातही आकडाच असतो.

एकट्याने चालवताना तर नाक वर करणे धोक्याचेच. समोरून जोराचा वारा आला तर तो उघड्या तळाखाली शिरतो आणि हलकी डिंगी मागे उलटते. चालवणाऱ्याच्या पायाला किंवा मनगटाला बांधायची लाल दोरी मशीनबरोबर येते ती याचसाठी. माणूस पडला की दोरी निसटते आणि मशीन बंद होते. 2013च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये पॅडस्टोजवळ एक कुटुंब वेगवान बोटीतून बाहेर फेकले गेले. दोरी बांधलेली नव्हती. रिकामी बोट गोल गोल फिरत त्यांच्यावरून गेली. वडील आणि आठ वर्षांची मुलगी वाचली नाहीत.

पहिल्यांदा करून पाहायचे तर उधाण टाळावे, भांगाच्या दिवसांत भरती पुरी होत आली असताना जावे, अंगात लाइफ जॅकेट असावे. आणि वेग सोडताना मूठ एकदम बंद करू नये. बोट खाली बसते, तिनेच मागे सोडलेली लाट तिला गाठते आणि मागच्या फळीवरून सरळ आत येते.